चार आणे

कराडहून विट्याच्या एसटीत
शीतपेटी मांडीवर घेऊन बसले
तर कंडक्टर म्हणाला, आइस्क्रीम का?
म्हटलं, रिकामी आहे. येताना भरून आणणार.

एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. मानवी अनुवंशशास्त्र.
आळीत त्याचं भाषांतर होत होत
‘रक्त तपासायचं शिकते’ इथवर आलंय,
आणि तिथून पुढं, ‘माझी शुगर बघ की गं.’
बघते. यंत्र जवळच ठेवलंय.
शुगर बघितल्याशिवाय कुणी दंड पुढं करत नाही.

पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल,
लग्न म्हणजे एक आडवी रेघ,
नात्यातलं लग्न असेल तर दोन.
आमच्या घराचा कागद फरशीवर पसरला.
आई सांगत गेली, मी काढत गेले:
मामाची पोरगी, आत्याचा पोरगा, पुन्हा मामाची पोरगी.
दोन रेघा, परत दोन रेघा,
रेल्वे नसलेल्या गावात
कागदभर रूळ.

आई म्हणाली, बाप्ये सगळे गलाईला,
कुणी सेलमला, कुणी कटकला, भट्टीपाशी.
मागं राहणाऱ्या पोरीला
सासू तरी ओळखीची नको का?
हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
मी समासात लिहून घेतलं.

धैर्यशीलचा चौकोन शेवटी काढला
आणि आतून काळा केला.
तो शेजारीच होता. त्याला हाक मारायची
तर आम्ही दिव्याचं बटण दोनदा दाबतो.
त्यानं बोटानं विचारलं, हा मी?
मी मान हलवली.
त्यानं पेन्सिल घेतली, चौकोनाला
दोन पाय काढले, वर एक टोपी.

अण्णा सेलमहून आले होते.
तीस वर्षं तेजाबात हात. बोटांचे ठसे पुसलेत,
आधारच्या यंत्राला सापडत नाहीत.
मीठ, भांड्यांचा साबण, थंड स्पिरिट
आणि त्यांच्याच तोंडातलं चूळभर पाणी
एका नळीत घालून दाखवलं.
पांढरा धागा वर तरंगला.
नळी उजेडात धरून त्यांनी धंद्यातलं विचारलं,
घट किती बसली?
मग हळूच,
म्हणजे माझ्यात हीण आहे.

हीण नाही, अण्णा. तुम्ही वाहक आहात. आईपण.
वाहक? म्हणजे कंडक्टर?
हो. तिकीट दुसऱ्याला देतो.
ते हसले नाहीत. बटणाकडं बघत म्हणाले,
दोन कंडक्टर एका गाडीत.

विमलआत्याला मात्र टक्के पटेनात.
दोघंही वाहक असले तर दर खेपेला पंचवीस...
रुपयात चार आणे, ती म्हणाली.
हो.
मग बारा आण्याचं बोल की!
तिच्या अमरसिंहाचं नाव माझ्या नावाशेजारी
मी सहावीत असल्यापासून बसलेलं आहे.
आत्या, दर खेपेला नवा रुपया असतो.
ती भाकरी उलटत राहिली. मग म्हणाली,
आणि चार आण्यातला तो आला,
तर त्याला टाकून द्यायचा होता का?
मागं धैर्यशील अण्णांची टोपी घालून
आरशात बघत होता.

याचं उत्तर मला येत नाही.
प्रबंधात त्यासाठी ‘चर्चा’ नावाचं प्रकरण असतं.

माझं रक्त खालच्या आळीतल्या सिस्टरनं काढलं.
लेबलवर नाव नाही, नुसता आकडा. अठरा.
अमरसिंहानं न विचारता दंड पुढं केला,
नजर दाराकडं. एकोणीस.
बर्फात दोन्ही नळ्या एकमेकींना टेकून होत्या.
मी मध्ये कापूस घातला,
मग काढून टाकला.

परतीला तोच कंडक्टर.
भरली का पेटी?
भरली.
पाचशेची नोट बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या,
तिकिटामागं बाकी लिहिली,
गोल केला त्या आकड्याला,
म्हणाला, सुट्टे नाहीत.
उतरताना आठवणीनं मागून घ्या.